औषध येईल तेव्हा येईल, तोवर काय?

दिव्यांग मुलांच्या पालकांना पडणारे काही प्रश्न वर्षानुवर्षे तेच आहेत. एसएमएवर इंजेक्शन निघालंय म्हणे, ते इथे कधी मिळणार? सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल करून घ्यावं का? ड्युशेनवर अमेरिकेत जीन थेरपी सुरू झाली, मग आता बाकीचं सगळं थांबवून तिच्यासाठी पैसे साठवावेत का? आणि यातला सर्वांत कडवट प्रश्न असा: एवढ्या संस्था इतकी वर्षं देणग्या गोळा करतात, मग अजून औषध का नाही? प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. संशोधन कोणत्या वेगाने चालतं आणि त्या वेगाचा आपल्या घरातल्या निर्णयांशी संबंध काय, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. संशोधनाचा वेग तुमच्या हातात नाही, आणि मुलाची वाढीची वर्षं त्याच्यासाठी थांबत नाहीत. म्हणून घरातला पैसा, वेळ आणि ताकद आज सिद्ध असलेल्या गोष्टींवर खर्च करा. संशोधनावर नजर जरूर ठेवा. पण ती उद्याची तयारी म्हणून ठेवा, त्याच्या भरवशावर आजचं काही सोडू नका. ज्या संस्थेकडे मदत मागाल किंवा जिला मदत द्याल, तिलाही याच कसोटीवर तपासा.

उशीर नेमका कुठे होतो

आधी एक यशाची गोष्ट घेऊ, कारण यशालाही किती वेळ लागतो ते तिच्यात दिसतं. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, ज्या जनुकातल्या दोषामुळे होतो ते जनुक १९९५ मध्ये सापडलं. त्यावरच्या पहिल्या औषधाला, न्युसिनर्सेनला, अमेरिकेत मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. मधली एकवीस वर्षं वाया गेलेली नव्हती. या आजाराच्या पालकांनी अमेरिकेत १९८४ मध्येच संघटना उभारून सुरुवातीच्या संशोधनाला पैसा पुरवला होता, आणि वैद्यकीय जगात हा प्रवास वेगवान समजला जातो. सिस्टिक फायब्रोसिसचं जनुक १९८९ मध्ये मिळालं. थोड्याच रुग्णांना चालणारं पहिलं औषध २०१२ मध्ये आलं आणि बहुतेकांना चालणारं २०१९ मध्ये. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं जनुक १९८६ मध्ये ओळखलं गेलं. त्याला चाळीस वर्षं होत आली, तरी आजार बरा करणारं औषध आजही नाही.

जनुक सापडणं म्हणजे घराचा पत्ता मिळणं. दार कसं उघडायचं हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. ड्युशेनचं जनुक माणसातल्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी आहे. जीन थेरपीत जनुक पेशीपर्यंत नेण्यासाठी जो निरुपद्रवी विषाणू वापरतात, त्यात ते मावत नाही. म्हणून त्याची काटछाट केलेली आवृत्ती घालावी लागते, आणि ती मूळ जनुकाइतकी काम करेलच असं नाही. शिवाय रुग्ण थोडे, देशोदेशी विखुरलेले, प्रत्येकाचा जनुकीय दोष थोडा वेगळा. पुरेशी मुलं जमवण्यातच वर्षं जातात. एसएमएसारख्या आजारात मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. त्यामुळे लक्षणं दिसण्याआधी औषध दिलेल्या बाळांना जो फायदा होतो, तो पाच वर्षांच्या मुलाला होत नाही. औषध तेच, पण उशिराचा हिशेब वेगळा.

सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे सीपीची, गोष्ट आणखी निराळी. तो मुळात एक आजार नाहीच. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, तीव्र कावीळ, जंतुसंसर्ग अशा अनेक कारणांनी वाढत्या मेंदूला इजा झाल्यावर राहणाऱ्या अवस्थांचं ते एकत्रित नाव आहे. त्यामुळे ‘सीपीवरचं औषध’ नावाची एक वस्तू कुठल्या प्रयोगशाळेत तयार होते आहे, असं समजू नका. इथली प्रगती झाली ती मुख्यतः प्रतिबंधात. फार लवकर प्रसूती होणार असेल तर आईला मॅग्नेशियम सल्फेट दिल्याने बाळाला सीपी होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. अशा बातमीला मथळा मिळत नाही. ज्या मुलाला आजार झालाच नाही, त्याचा फोटो काढणार कोण?

परदेशात सिद्ध झालेली गोष्ट इथे लागू पडेलच असंही नाही. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं शरीर तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी करतो. हाच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासला गेला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली होती, आणि नेहमीची काळजी घेतलेल्या गटात ३१ टक्के. ‘तिकडे चालतं, मग इकडे का देत नाहीत?’ असं डॉक्टरांना विचारण्याआधी हे आकडे आठवावेत. चाचणीला लागलेला उशीर कधीकधी मुलांना वाचवतो.

बातमी वाचताना

व्हॉट्सअॅपवर ‘क्रांतिकारी उपचार’ आला की तो पुढे पाठवण्याआधी, आणि तुमच्या डॉक्टरांकडे नेण्याआधी, एवढं तपासा:

- प्रयोग कशावर झाला? पेशींवर, उंदरांवर की मुलांवर? उंदीर बरे करणारे बहुतेक उपचार माणसापर्यंत पोहोचतच नाहीत.
- उपचार न दिलेल्या मुलांशी तुलना केली होती का? तुलना नसेल तर ‘सुधारणा’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.
- काय मोजलं? रक्तातलं एखादं प्रथिन वाढणं आणि मुलाने जिना चढणं या वेगळ्या गोष्टी आहेत.
- तुमच्या मुलाचं वय, आजाराचा प्रकार आणि जनुकीय दोष त्यात बसतो का? ड्युशेनवर २०१६ मध्ये मंजूर झालेलं एटेप्लिरसेन हे औषध आठांतल्या साधारण एकाच मुलाच्या दोषाला लागू पडतं.
- मंजुरी कुणी दिली? अमेरिकेतल्या मंजुरीमुळे ते औषध भारतात मिळू लागत नाही.

मंजुरी मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, असंही नसतं. ड्युशेनवरची एलेव्हिडिस ही जीन थेरपी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. त्याच वर्षी तिच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, आणि मुख्य मोजमापात म्हणजे हालचालींच्या गुणांकात, औषध घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत खात्रीने सांगता येईल असा फरक आढळला नाही. तरीही पुढच्या वर्षी मंजुरीची व्याप्ती वाढवली गेली. २०२५ मध्ये चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि अशा मुलांसाठी पुरवठा थांबवावा लागला. मंजुरी मिळाली त्या दिवशी ज्या पालकांनी घर विकायला काढलं असतं, त्यांनी काय केलं असतं? म्हणून नव्या औषधाची बातमी आली की तज्ज्ञाला आधी विचारा: माझ्या मुलाच्या वयात आणि अवस्थेत याचा फायदा दाखवणारा पुरावा आहे का?

‘करून बघायला काय हरकत आहे?’

हा प्रश्न बहुधा स्टेम सेलच्या, म्हणजे मूलपेशींच्या, संदर्भात येतो, आणि त्याचं उत्तर सरळ आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं रक्तनिर्मिती मूलपेशींचं प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. थॅलेसेमियाच्या मुलांचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण त्यात येतं. बाकी कुठल्याही आजारासाठी मूलपेशी द्यायच्या तर त्या फक्त मंजूर चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी कुणी मूलपेशींचं ‘पॅकेज’ विकत असेल, तर या दोन्ही अटी मोडल्या जात आहेत. ऑटिझमसाठी हा उपचार सुचवू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही २०२२ मध्ये सांगितलं.

यावर पालकांचा आक्षेप असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: ‘पण ज्यांनी केलं त्यांच्या मुलांत फरक पडला, आम्ही व्हिडिओ पाहिले.’ फरक पडलेला असतो, हे खरंच. प्रश्न तो कशाने पडला हा आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात सीपी असलेल्या ६५७ मुलांची वर्षानुवर्षं पाहणी करून २००२ मध्ये त्यांच्या हालचालींच्या वाढीच्या रेषा मांडल्या गेल्या. सौम्य अवस्थेतली मुलं पाचेक वर्षांपर्यंत आणि तीव्र अवस्थेतली त्याच्या बऱ्याच आधीपर्यंत आपापल्या गतीने सुधारत जातात आणि मग रेषा सपाट होते, असं त्यांत दिसलं. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या मुलाला या काळात काहीही दिलं, तरी सहा महिन्यांनी ते पुढे गेलेलं दिसणार. त्यात पॅकेजबरोबर महिनाभर रोज फिजिओथेरपी असते. तिचं श्रेय सुईला जातं.

हरकत काय, याचंही उत्तर देऊ. पैसा जातो, आणि तो पुढच्या पाच वर्षांच्या थेरपीचा असतो. पाठीच्या कण्यातून टोचण्याचे धोके असतात. पुढे खरी चाचणी निघाली तर आधी प्रायोगिक उपचार घेतलेल्या मुलाला बहुधा तिच्यात घेत नाहीत. आणि जे महिने त्या उपचाराच्या परिणामाकडे डोळे लावून जातात, त्यांत खुब्याचा एक्स-रे काढायचा राहून जातो. शेवटचं नुकसान सर्वांत कमी बोललं जातं, म्हणून त्याकडे वळू.

औषध नाही, पण उपचार आहे

‘यावर इलाज नाही’ हे वाक्य पालकांना दवाखान्यात ऐकायला मिळतं, आणि ते अर्धंच खरं असतं. सीपी असलेल्या मुलांत खुब्याचं हाड हळूहळू खोबणीतून सरकतं. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत हे प्रमाण ३५ टक्के होतं, आणि सर्वांत तीव्र अवस्थेतल्या मुलांत ९० टक्के. सुरुवातीला मूल तक्रार करत नाही. लंगोट बदलताना एक पाय पुरेसा उघडत नाही, एवढंच कळतं, आणि घरातले त्याला ‘पाय आखडला’ म्हणतात. पुढे खुबा निखळला की बसणं, झोपणं, अंघोळ, सगळंच वेदनेचं होतं. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून सीपी असलेल्या प्रत्येक मुलाच्या खुब्यांची ठरलेल्या वेळी तपासणी सुरू झाली. त्याआधी साधारण दहांत एका मुलाचा खुबा निखळत असे. ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. ना नवं औषध, ना जीन थेरपी. वेळच्या वेळी एक्स-रे आणि गरज पडली तर वेळेत शस्त्रक्रिया. संशोधनाची प्रगती म्हणायची तर ही आहे, आणि ती तुमच्या तालुक्याच्या एक्स-रे केंद्रावर उपलब्ध आहे. तुमचं मूल स्वतःहून चालत नसेल, तर पुढच्या भेटीत बालअस्थिरोगतज्ज्ञांना खुब्याच्या एक्स-रेचं वेळापत्रक लिहून मागा.

थेरपीबद्दलही पुरावा बराच स्पष्ट झाला आहे. मुलाला गादीवर आडवं करून दुसऱ्याने त्याचे हातपाय हलवत राहण्याचा उपयोग फार थोडा. मुलाने स्वतः, त्याला हव्या असलेल्या कामाचा, पुन्हा पुन्हा सराव करणं उपयोगी पडतं: चमचा तोंडापर्यंत नेणं, खुर्चीतून उठणं, चित्राकडे बोट दाखवून मागणं. थेरपिस्टला विचारा, ‘येत्या तीन महिन्यांत आमच्या मुलाला कोणतं एक काम जमावं, असं तुमचं उद्दिष्ट आहे?’ उत्तर मिळालं नाही तर थेरपिस्ट बदला, भले तो कितीही नावाजलेला असो.

ड्युशेनबाबतचा पुरावा तर थक्क करणारा आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या केंद्राने आपल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. १९६० च्या दशकात ही मुलं सरासरी साडेचौदाव्या वर्षी जात. १९९० नंतर रात्री श्वासोच्छ्वासाचं यंत्र वापरलेल्या मुलांचं आयुष्य सरासरी पंचवीस वर्षांपर्यंत गेलं. आजार तोच, बरं करणारं औषध तेव्हाही नव्हतं. म्हणून स्टेरॉइड कधी सुरू करायचं, हृदयाचा इको दरवर्षी होतो आहे का, श्वासाची क्षमता कधीपासून मोजायची, पाठीच्या कण्याचा बाक कोण बघतंय, हे प्रश्न जीन थेरपीच्या प्रश्नाच्या आधी यायला हवेत. आणि एक इशारा: नियमित चालू असलेलं स्टेरॉइड कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका, त्याने जीव धोक्यात येतो.

जनुकीय तपासणी मात्र लवकर करून घ्या, औषध असो वा नसो. पुढे एखादी चाचणी किंवा औषध आलं तर नेमका दोष कागदावर लागतोच. ड्युशेनमध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या आया वाहक असतात. पुढच्या बाळंतपणाचा विचार असेल, मुलाच्या मावशीचं लग्न ठरत असेल, तर जनुकीय समुपदेशन गरोदरपणाच्या आधी व्हायला हवं.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर

कुणी ‘ट्रायल’ म्हणून उपचार देऊ करत असेल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर म्हणजे सीटीआरआयवर तिची नोंद शोधा. ही नोंदवही कुणालाही संगणकावर पाहता येते, आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे बंधनकारक आहे. नोंद असणं ही उपचाराच्या गुणाची हमी नव्हे. नोंद नसणं मात्र माघारी फिरायला पुरेसं कारण आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार आणि आयसीएमआरच्या नीतितत्त्वांनुसार तुम्हाला हे मागता येतं:

- समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, माहितीपत्र आणि संमतीपत्र. त्यावर नीतिमत्ता समितीचा संपर्क. सही केलेली प्रत घरी ठेवा.
- प्रायोगिक औषध आणि चाचणीसाठीच्या तपासण्या विनामूल्य.
- चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई.
- केव्हाही, कारण न देता बाहेर पडण्याची मुभा. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.
- सात वर्षांवरील मुलाला त्याच्या समजेप्रमाणे सांगून त्याचीही संमती. मूल ‘नको’ म्हणत असेल तर ते ऐकून घेतलं गेलं पाहिजे.

जीन थेरपीबाबत एक गोष्ट सहसा उशिरा कळते. वाहक विषाणूविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे एकदा एक जीन थेरपी घेतली की दुसरी, अधिक चांगली निघाली तरी ती बहुधा घेता येत नाही. सही करण्याआधी याबद्दल विचारा.

हक्काचं आधी घ्या

देणगीसाठी हात पसरण्याआधी, कायद्याने जे तुमचं आहे ते पदरात पाडून घ्या. कागदपत्रं कंटाळवाणी असतात हे मान्य. पण एकेक कागद पुढची दारं उघडतो.

- यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, ऑटिझम, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे सगळे त्यांत येतात. बहुतेक सवलतींना ४० टक्के प्रमाण लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करता येतो. लहान मुलांना तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. मुदत कधी संपते ते टिपून ठेवा.
- शाळा. याच कायद्याने ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे कारण शाळेकडून लेखी मागा. लेखी मागितल्यावर सूर बदलतो.
- जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं हे केंद्र साधारणपणे जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतं. तपासणी आणि थेरपी मोफत.
- निरामय विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाची योजना. वर्षाला एक लाखापर्यंत, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीसकट. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.
- दुर्मीळ आजार धोरण, २०२१. ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रातून प्रतिरुग्ण ५० लाखांपर्यंत मदत. महाराष्ट्रासाठी मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यातलं पहिल्यापासूनचं केंद्र. आयुष्यभर घ्यायच्या औषधाला ही रक्कम पुरत नाही, हा या धोरणाचा मोठा दोष. तरी नोंदणी करूनच ठेवा.
- धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्रात त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन भरती होण्याआधी वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले योजना लागू आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.
- प्राप्तिकर. जुन्या करप्रणालीत दिव्यांग मुलाच्या पालकांना ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्वात सव्वा लाखाची वजावट.

मूल अठराचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांत मोडणाऱ्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. ड्युशेन असलेल्या, स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या तरुणाला त्याची गरज नाही; बँकेने मागितलं तरी नाही.

हक्कांचा आणि संशोधनाचा संबंध काय, असं वाटेल. एसएमएवरचं रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध भारतात २०२१ पासून मंजूर आहे. पण एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या घरात होती, त्यामुळे बहुतेक घरांसाठी ते नसल्यासारखंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेटंटच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि नॅटको कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणलं. रेणू तोच होता. मुलांपर्यंत तो पोहोचला रुग्णांच्या पाठपुराव्याने, न्यायालयाने आणि जेनेरिक उत्पादनाने. ‘शोध लागला’ आणि ‘मिळालं’ यांच्यामधलं अंतर प्रयोगशाळेत कापलं जात नाही, आणि रुग्णसंघटना सर्वांत जास्त उपयोगी पडते ती तिथेच.

लोकवर्गणी काढण्याआधी

एसएमएवरच्या झोल्गेन्स्मा या जीन थेरपीसाठी सोळा कोटी जमवण्याची आवाहनं निघू लागल्यापासून अनेक पालकांना हाच मार्ग वाटतो. तो कधी कधी खराही ठरतो. पण जमलेल्या कोटींच्या बातम्या होतात, न जमलेल्यांच्या होत नाहीत. आवाहन करायचंच असेल तर आधी तज्ज्ञांकडून हे औषध या मुलाला आता उपयोगी आहे, असं लेखी घ्या. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील असं बघा. वर्गणी गोळा करणारा मंच किती शुल्क कापतो, उद्दिष्ट पुरं झालं नाही किंवा रक्कम उरली तर तिचं काय होणार, हे आधीच जाहीर करा. मुलाचा रडतानाचा किंवा नळ्या लावलेला फोटो देण्याची सक्ती कुणीही करू शकत नाही. तो फोटो इंटरनेटवर राहणार आहे, आणि उद्या ते मूल स्वतः तो पाहणार आहे.

संस्था निवडताना आणि देणगी देताना

‘संस्थांनी इतकी वर्षं काय केलं?’ या प्रश्नामागे पोलिओची आठवण आहे. अमेरिकेत १९३८ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध संस्था स्थापली, लोकांनी नाणं-नाणं पाठवलं, आणि १९५५ मध्ये साल्क यांची लस आली. सतरा वर्षांत विजय. तेव्हापासून पैसे गोळा करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तसाच विजय जवळ आल्याचं सांगण्याचा मोह झाला. पण पोलिओला कारण एकच होतं, एक विषाणू. तिथल्याच मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशनसाठी जेरी लुईस या विनोदी नटाने १९६६ पासून चार दशकांहून अधिक काळ टीव्हीवर वार्षिक देणगी-कार्यक्रम चालवला. पैसा अफाट जमला. त्यातून दवाखाने चालले, संशोधनही झालं. पण मुलांना ‘बिच्चारं’ म्हणून पुढे उभं करण्याला सर्वांत कडाडून विरोध केला तो त्याच कार्यक्रमांतून लहानपणी मिरवलेल्या आणि पुढे मोठ्या झालेल्या दिव्यांगांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं: औषधाची वाट पाहणारी मुलं म्हणूनच आम्हाला दाखवलंत, तर शाळा, रॅम्प आणि नोकरीबद्दल कोण बोलणार? आपल्याकडे मिठू आलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली ती औषध शोधायला नव्हे, मुलांना शिकवायला. देशातल्या सीपीच्या मुलांना त्यातून जे मिळालं, त्याची बरोबरी त्या काळातल्या कुठल्याही औषधाला करता येत नाही.

मग संशोधनाला पैसे देऊच नयेत का? जरूर द्यावेत. एसएमएची गोष्ट तशा पैशांवाचून सुरूच झाली नसती. फक्त संशोधनासाठी दिलेला पैसा पुढच्या पिढीसाठी असतो आणि सेवेसाठी दिलेला याच वर्गातल्या मुलासाठी, हे देणाऱ्याला माहीत हवं. जी संस्था दोन्ही एकत्र कालवून ‘उपचार आता दूर नाही’ म्हणते, ती दोघांचीही दिशाभूल करते. पालक म्हणून जा किंवा देणगीदार म्हणून, विचारायचं सारखंच आहे:

- गेल्या वर्षी किती मुलांना कोणती सेवा दिली, आणि किती खर्च सेवेवर, किती प्रचारावर व कार्यक्रमांवर झाला? लेखापरीक्षित हिशेब मागा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना ते धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावेच लागतात.
- नोंदणी क्रमांक आणि करसवलतीच्या नोंदणीचे कागद दाखवतात का? नीती आयोगाच्या एनजीओ दर्पणवर नाव आहे का?
- विश्वस्त मंडळात दिव्यांग व्यक्ती किंवा पालक आहेत का, की नुसते पाहुणे?
- संशोधनाला पैसा देत असतील तर कोणत्या प्रयोगशाळेला, कोण तज्ज्ञ तपासून ठरवतात, आणि न जमलेल्या प्रकल्पांबद्दलही सांगतात का? सगळेच प्रकल्प यशस्वी झाल्याचं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मोठी रक्कम द्यायची असेल तर ती कशासाठी आहे ते पत्रात लिहून द्या: ‘दोन वर्षं एका फिजिओथेरपिस्टचा पगार’, ‘दहा मुलांच्या खुर्च्या’, किंवा ‘रुग्ण नोंदवहीसाठी’. पगार आणि भाडं यांसाठी दिलेल्या देणगीला लोक नाक मुरडतात; पण थेरपिस्टविना थेरपी केंद्र म्हणजे गाद्या मांडलेली खोली. रोख दोन हजारांच्या वर दिलेल्या रकमेवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, आणि वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. म्हणून चेकने किंवा बँकेतून द्या, आपला पॅन कळवा आणि आर्थिक वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.